आधी वाढलेलं मेज

पुंजारामबुवा कीर्तनाला उभे राहिले की परतवाड्याच्या बाजारातली माणसं हातातल्या पिशव्या खाली ठेवत. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ते अशी गात, की म्हातारा बाप धावत सुटतो त्या जागी दणकट गडीसुद्धा उपरण्यानं डोळे टिपत. प्रभूनं गळा दिला होता आणि बुवांनी तो प्रभूलाच वाहिला होता, यात कोणाला शंका नव्हती.

१९५८च्या हिवाळ्यात डोंगराकडच्या एका वस्तीत त्यांनी कीर्तनं लावली. 'मेज मांडिले डोंगरापाशी, या हो या उपाशी' हे त्यांचं स्वतःचं पद. त्या पदावर काही घरं ख्रिस्ताकडे वळली. अमरावतीहून पाळकसाहेब बाप्तिस्म्यासाठी आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "यांची शिकवण झाली ना?"

अचलपूरच्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार पाहणारे पंच किसनराव पुढे होऊन म्हणाले, "बुवांच्या कीर्तनात सारं आलंच की, साहेब."

बुवा ते ऐकत माणसांना रांगेत उभं करत होते. माणसं आली होती, त्या आनंदात होते. बाप्तिस्मे झाले.

त्यांत केशरबाई होती. संत्र्याच्या बागेत मजुरी करायची. नवरा सहदेव छातीच्या दुखण्यानं खाटेवर होता. उठून बसता आलं की मीही बाप्तिस्मा घेईन, म्हणायचा. शेजारी मनकर्णा राहायची. तिच्या घरच्यांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

"आमच्याकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या वं," मनकर्णा एकदा म्हणाली. "पोट्ट्याइलेबी पाठ हायेत. तुमाले का म्हणाले लावलं?"

"गाणं म्हणतो आमी."

"गाणं त भजनवालेबी म्हणतेत. काय करायचं न काय नाई, थे सांगतलं का कोणी?"

"तू बुवाले आयक एकदा. रडशील."

"रडाले बुवा कायले पायजे? थे घरीच होते."

दोघी हसल्या.

पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकरी वाटून खाण्याच्या विधीला, केशरबाई अचलपूरच्या ख्रिस्ती देवळात गेली. ताट फिरत आलं. तिनं भाकरीचा तुकडा कपाळाला लावला आणि पदराच्या गाठीत बांधला. घरात आजारी माणूस असताना प्रसाद एकटीनं खाणं म्हणजे पाप, हे तिच्या माहेरी लहान पोरींनाही ठाऊक. आपल्या ख्रिस्ती मंडळीत हे प्रभूचं मेज निराळं असतं, ते का असतं, बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच का असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन तिनं तुकडा मोडला. मोठा भाग सहदेवच्या तोंडात घातला, बारका आपण खाल्ला, आणि उरलेला मनकर्णापुढे धरला.

"आमी आता परसाद खात नाई, माय," मनकर्णा सरळ म्हणाली. मग केशरबाईनं तोही सहदेवलाच दिला.

त्याचा खोकला जरा निवळला. पुढच्या रविवारी देवळात साक्ष द्यायला, देवानं काय केलं ते साऱ्यांपुढे सांगायला, केशरबाई स्वतःहून उभी राहिली. पदर सावरत, चेहरा फुललेला. "देवाच्या भाकरीनं माह्या मालकाले आराम पडला जी," तिनं सांगितलं, आणि कशी नेली, कशी भरवली, मनकर्णाला कशी देऊ केली, तेही.

किसनराव उठले.

"त्याचा बाप्तिस्मा झालाय?"

"नाई जी. निजून हाये ना थो."

किसनरावांनी बायबल उघडलं आणि प्रभुभोजनाविषयीचं प्रेषिताचं कडक वचन मोठ्यानं वाचलं. जो अयोग्यपणे खातो तो आपल्यावर दंड ओढवतो. यामुळेच तुमच्यात कितीक आजारी आहेत आणि काही मरूनही गेले. मग म्हणाले, "बाई, तुला आजपासून मेज बंद."

"मंग मले आधी काहून नाई सांगतलं जी?"

"इतकं साधं काय सांगावं लागतं?"

त्याच आठवड्यात सहदेव गेला.

बुवा भेटायला आले. केशरबाई रिकाम्या खाटेपाशी बसली होती. "मीच मारलं, बुवा. देवाच्या भाकरीनं मारलं."

बुवांनी दुसरं काही सुचेना म्हणून हलकेच पद धरलं. तिनं हात वर केला.

"गाऊ नका. गाणं आयकलं की मन होच म्हणते. आज नुसतं सांगा."

बुवांनी चिपळ्या झोळीत टाकल्या आणि सांगायला बसले. पाप म्हणजे काय, क्षमा म्हणजे काय, ख्रिस्त कोणासाठी मेला. ते वचन भुकेल्याला घास देणाऱ्या बाईसाठी नव्हतंच, हेही सांगितलं. ज्यांनी आपली पोटं भरून गरिबांना ताटकळत ठेवलं, त्यांना ते लिहिलं होतं. सारा पावसाळा ते येत राहिले. केशरबाई प्रभूची प्रार्थना शिकली, दहा आज्ञा शिकली, विश्वासाचा अंगीकार शिकली. बागेत फळं तोडताना पुटपुटायची.

दिवाळीनंतर किसनरावांनी तिची परीक्षा घेतली.

"क्षमा कोणाला मिळते?"

"विश्वासानं मागन त्याले, जी. कोणालेबी."

"शाब्बास! मेज मोकळं."

त्या रविवारी ताट तिच्यापर्यंत आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि शेजारणीकडे दिलं. भाकरीला बोट लावलं नाही.

बाहेर चिंचेखाली बुवांनी तिला गाठलं. "केशर, का नाही घेतलंस? तुला तर सारं येतं."

"येते, बुवा. तुमी सांगतलं थे खरंच असन. पण किसनरावजीनं सांगतलं थे मी आधी शिकली. घरात मुडदा होता तवा शिकली. थे आता निंगत नाई."

ती वाटेला लागली.

तेवढ्यात किसनराव घाईनं आले. "बुवा, मोर्शीकडची पाच घरं तयार आहेत. पाळकसाहेब पुढच्या महिन्यात येताहेत. दोन कीर्तनं लावून टाका."

"आधी सहा महिने शिकवण. मग कीर्तन, मग बाप्तिस्मा."

"सहा महिने माणसं थांबतात का? उद्या तिकडं बौद्ध दीक्षेला जातील!"

"जाऊ द्या. निदान त्यांना तिथं काही सांगतील तरी."

किसनराव रागावले. त्यांनी अकोल्याहून दुसरे बुवा बोलावले. गळा बरा होता म्हणतात. पाचही घरांचे बाप्तिस्मे ठरल्या दिवशी झाले.