रंध्याची धास्ती

मी एक जुना रंधा आहे. लाकूड तासून गुळगुळीत करणं हे माझं काम. आणि मित्रांनो, मी पक्का भित्रा आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. पोटात धारदार पातं असूनही!

आमच्या सुताराच्या वडिलांनी मला खाटेच्या मोडक्या पायापासून घडवलं. वडिलांनंतर सुतार मला चालवू लागला. सर्र, सर्र... माझ्या तोंडातून पातळ सालपटाचं वेटोळं निघालं, की त्याची पाच वर्षांची चिमी हात घालून ते अलगद ओढून घ्यायची आणि केसांत खोचायची. "झाली नवरी तयार!" सुतार हसायचा. दिवसाला जेमतेम एक दार व्हायचं, पण आमचं कसं मजेत चाललं होतं.

मग लाकूड तासायचं विजेचं यंत्र आलं. मी भिंतीवरच्या फळीवर गेलो. त्याच्या किंचाळण्यानं फळी थरथरायची, मीही. सुतार कानात कापसाचे बोळे घालू लागला. दिवसाला चार दारं होऊ लागली, पण बोलणं मात्र बंद झालं.

एका दुपारी चिमी आली. "बाबा, सालपट द्या ना!" त्याला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग नेहमीसारखा यंत्राच्या तोंडाकडे हात नेला.

मित्रांनो, ती सवय मीच लावली होती. आणि मी फळीवर नुसता पडून होतो.

चहा घेऊन आलेली तिची आई दारातूनच ओरडली. तेही वायाच. शेवटी कप टाकून ती धावली आणि तिनं भिंतीतली पिन उपटली. पातं तरीही गरगरतच होतं. चिमीची बोटं त्यापासून वीतभरही लांब नव्हती; आईनं तिला मागे ओढलं.

सुतारानं बोळे काढले. तो चिमीपाशी उकिडवा बसला. "तू कधी आलीस गं?"

"केव्हाची हाका मारतेय."

"आधी ते बोळे केरात टाका!" आई म्हणाली आणि फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी सुतारानं मला पुसलं, पातं दगडावर घासलं. आठ दारं करून घ्यायला आलेले गृहस्थ चिडले. "अहो, घरात यंत्र असताना आठ दिवस?"

"आठ दिवस. यंत्र चालू असलं की मला पोरीची हाक ऐकू येत नाही."

ते काम गेलं. सुतार मात्र शीळ घालत स्टूल तासत बसला. मी पुन्हा घाबरलो. अशीच कामं जात राहिली तर? ती धास्ती अजून आहे. पण त्याच्या तळव्याची ऊब लागली, की थोडी विसरतो.

मित्रांनो, कर्कश काम चालू असेल तेव्हा मध्येच थांबून बघत जा, मागे कुणी हाक मारतंय का. आणि घरातल्या जुन्या हत्यारांना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. गंज चढताना आम्हाला फार भीती वाटते हो. फक्त ओरडता येत नाही.