कांडीसारखे वेढे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये रेसिंग कार्टचं इंजिन घुमत होतं. मीटरवर मिनिटाला साडेसात हजार फेरे दिसत होते. शर्यतीची मर्यादा सहा हजारांची. तासाभरात तपासनीस येणार होते आणि हाच आकडा त्यांना दिसला तर चालक महेश्वरी बाद होणार होती.

"गुरुशांतमामा, इंजिनाला हात लावलात ना?" तिने मिस्त्रींना विचारलं.

"न्हाय गं. नव्या मीटरची वायर तेवढी गुंडाळली."

तिला पटलं नाही. तिने इंजिन उघडलं की तुटणारं सील पाहिलं, ते शाबूत होतं. मग प्लगच्या केबलवर टॉर्च मारला. मीटरच्या वायरचे तिथे अकरा वेढे होते, एकाला एक चिकटून.

"मामा, पुस्तिकेत तीनच सांगितलेत!"

"सैल वेढा सुटतोय की. तीस वर्षं मागाच्या कांड्यांवर घट्ट सूत गुंडाळलंय मी."

तिने आठ वेढे सोडले. प्लगच्या ठिणग्यांवरून फेरे मोजणारा मीटर जास्त वेढ्यांमुळे काही ठिणग्या दोनदा मोजत होता. आता आकडा पाच हजार आठशेवर थांबला.

"गेला का संशय?" गुरुशांतमामांनी विचारलं.

"गेला," महेश्वरी म्हणाली आणि तिने वाकून सील पुन्हा एकदा पाहून घेतलं.