प्रवेशाची शक्यता आणि दाराची मूठ

धाकटीला ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर वर्गात जायचं होतं आणि एका वेबसाइटच्या मते तिची शक्यता अठ्ठावीस टक्के होती.

"नीट दाबलंस का? माझ्या नावानं टाकून बघ," आई म्हणाली. आईच्या नावानं बत्तीस आले. आईला विषयाचं नावही धड उच्चारता येत नव्हतं, पण ती दिवसभर हवेत होती.

"माझं टाक," मामा म्हणाला. "मी तर पेशंट. एवढा अनुभव कुणाला?"

विषय तसा सोपा होता. आजारपणात हातून सुटलेली रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतः करायला शिकवायची. मामाचा उजवा हात अर्धांगवायूच्या झटक्यात लुळा पडला, तेव्हापासून धाकटी त्याला शर्टाची बटणं लावायला शिकवत होती. पण मामानं कॉलर धरली रे धरली की अख्खं घर मदतीला झेप घ्यायचं. म्हणून तिनं कायदाच केला: मामा बटणं लावताना बाकीच्यांनी हात मागे. घर सरळ झालं, फक्त वेळेवर कुठेच पोचेना. एका लग्नाला ते गेले तेव्हा खुर्च्या उचलणं चालू होतं.

मुलाखतीला मामा सोबत आलाच. तो बाहेर बाकावर बसला.

आत दोन परीक्षक होते, एक दाढीवाले, एक बिनदाढीचे. विभागप्रमुख बाई यायच्या होत्या. तेवढ्यात दाराच्या काचेत त्या दिसल्या. एका हाताच्या दुखऱ्या मनगटाला आधाराचा पट्टा, दुसऱ्या हातात फायली, आणि दाराची मूठ हलेना. दोघे परीक्षक धडपडत उठले.

"हात मागे!" धाकटी ओरडली.

तोंडातून निघून गेलं. गंमत म्हणजे दोघंही हात मागे बांधून खाली बसले. अठ्ठावीस टक्क्यांचे आता किती राहिले असतील, याचा हिशोब धाकटीनं सोडून दिला. बुडायचंच तर नीट बुडू.

"फायली खाली ठेवा," ती काचेतून म्हणाली. "मनगट नको. कोपरानं दाबा. घाई नाही."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ते बघणं प्रवेशाच्या बाजूचं वाटलं नाही. मग त्यांनी फायली ठेवल्या, कोपर लावलं, घसरलं, पुन्हा लावलं. दार उघडलं.

"तुम्हाला आतून उघडता येत नव्हतं?"

"येत होतं, मॅडम."

"मग?"

"तुम्हालाही येत होतं."

दाढीवाले उगाच खोकले. हात अजून मागेच होते.

"बाहेर एक गृहस्थ आहेत," बाई बसत म्हणाल्या. "मी अडकले तर जागचे हलले नाहीत. हात मागे बांधून 'छान चाललंय, छान चाललंय' म्हणत होते. शर्टाची बटणं एक घर चुकलेली."

"माझा मामा. आज सगळी स्वतः लावली."

"तुम्ही सुधारली नाहीत?"

"त्याच्या लक्षात येईल," धाकटी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत."

बाईंनी पट्ट्याच्या हातानं पेनाचं टोपण काढायला घेतलं. बिनदाढीचे पुढे झुकले.

"हात मागे," बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. टोपण निघालं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर केली.

"वर्ग सुरू झाले की तुम्ही दाराजवळच्या बाकावर बसायचं नाही. कळलं?"