परसातले पत्रे

आमच्या आईला एकच मिरवायचं वेड. औंधाच्या बाजूला आमचं गाव. दारात कुणीबी आलं की आमची आई, लीलाबाई, सुरू, "आमच्या सुनंचं नखबी कुणाला दिसत न्हाई!" आणि अण्णा, म्हंजे आमचे वडील, फौजेतनं सुभेदार होऊन घरी आलेले, त्यांनी तर अख्ख्या परसावर पत्रे ठोकून घेतले. का, तर शेजारच्या माडीवरनं सून दिसती. धुणं, भांडी, सगळं त्या पत्र्याखाली.

मी लेक, म्हणून मोकळी. मला आष्ट्याला दिली, तिथं उन्हातान्हात उसातलं तण भांगलून काळी ठिक्कर पडले. माहेरी आले की आई तोंडावरनं हात फिरवून हळहळायची, "काय ही दशा, संयोगिता!" आणि राजनंदिनी वहिनीचा गोरा दंड दाखवायची. वहिनी सांगलीची, कॉलेजात खो-खो खेळलेली. लग्नात हळद लावायला आमी नणंदा मागं लागलो, तर एकीच्या हाताला लागली न्हाई. नवरदेव, आमचा शंभूदादा, नुसता हसत बसला हुता.

तीच वहिनी हल्ली बसली की उठताना जमिनीला हात टेकायची. डुलत डुलत चालायची. कंबर, मांड्या ठणकतात म्हणायची.

"आळसाला औषध न्हाई," आई म्हणायची. "आमी न्हाई का केलं?"

वर दूध, तूप, डिंकाचे लाडू. खायाला घालण्यात आई कमी पडली न्हाई, उगं खोटं कशाला बोलू!

दिवाळीला मी गेले, तवा वहिनी मोरीतनं कळशी घेऊन उठताना मटकन खाली बसली. धड पडलीबी न्हाई, पण पाय उचलंना. दादा तिकडं सीमेवर. मीच गाडी केली आणि तिला सांगलीला, विश्रामबागेत एका हाडाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. आई सोबत आली.

हाडाचा फोटो बघून बाई म्हणाल्या, "मांडीच्या हाडाला चीर गेलीय. हाडं मऊ पडलीत. ही उन्हात जाते का?"

आईनं मान ताठ केली. "छे वो! आमच्यात सुना उन्हात जात न्हाईत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, कातडी नुसती झाकून ठेवायला नसते. तिच्यावर ऊन पडलं की शरीरात एक जीवनसत्त्व तयार होतं. त्याच्यामुळंच खाल्लेलं कॅल्शियम हाडात भरतं. ऊनच नाही, तर तुमचं दूध तरी काय करणार?"

"पुन्यांदा चालंल न्हवं?" आईनं विचारलं.

"चालेल. पळायचं मात्र आज सांगता येणार नाही."

वहिनी भिंतीकडं तोंड करून रडली. माझं टाळकं असं सटकलं! बाहेर आल्यावर म्हटलं, "आणखी झाका! सून हाय का लोणच्याची बरणी?"

आई म्हणाली, "मलाबी ह्याच वयात असं ठणकायचं गं. माज्या सासूनं मला आळशी म्हटलं, मी हिला म्हटलं."

आईची पाठ किती वर्षं वाकलेली हाय. आमी सगळे वय झालं म्हणायचो.

अण्णांना रात्री सगळं सांगितलं. सकाळी त्यांनी स्वतः शिडी लावून पत्रे उतरवले.

आता वहिनीच्या गोळ्या चालू हायत, वॉकर धरून ती परसात येती. परवा आईनं तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं खाली ओढला, बाह्या वर सारल्या.

"बस गं उन्हात. काळी पड, कोळशासारखी पड, पण उठ."

वहिनी म्हणाली, "तुम्हीपण बसा, आत्याबाई. तुमचंही दुखतंय की."

झालं! आई तिच्या पायाशी बसली आणि ढसाढसा रडली. "पोरी, तुझं पळणं मी खाल्लं गं!"

वहिनीनं न्हाई म्हटलं न्हाई.

तेवढ्यात अण्णा दारात खाकरले, आणि वहिनीचा हात आपसूक पदराकडं गेला. आईनं तो हात धरला, सोडला न्हाई. आईचा दुसरा हात मात्र स्वतःच्या डोक्यावरचा पदर सारखा करत हुता.