रूबेनचा दिवा

बोटीच्या टपावर कुणी टकटक केली की हेस्टर पेल अजूनही हातातलं काम टाकून दाराकडे बघायची. कालव्यावर दुसऱ्याच्या बोटीत न विचारता पाय ठेवत नाहीत. काठावर उभं राहून टपावर बोटांनी वाजवायचं आणि आतून हाक येईपर्यंत थांबायचं, ही तिथली रीत. रूबेन मात्र आपल्याच बोटीत शिरतानासुद्धा वाजवायचा, दोनदा, बायकोची थट्टा म्हणून. त्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

त्या सकाळी वाजवलं ते मॅजनं. मॅज म्हणजे मागच्याच खुंटाला बांधलेल्या बोटीवरची शेजारीण, सत्तरीची, जिभेला हाड नसलेली.

"मिळाला का कुणी?" तिनं काठावरूनच विचारलं.

"कोण?"

"सोंग नको आणूस. वायरिंगवाला."

हेस्टरनं खिडकीतून चहाचा मग बाहेर दिला. 

झालं होतं असं, की बोटीची तपासणी करणारा साहेब ऑगस्टात येऊन गेला होता. त्यानं बटणांच्या पाटीमागचं कपाट उघडलं, आत पाहिलं, आणि पुन्हा लावून टाकलं. "बाई, हे सगळं उपटा आणि नव्यानं करून घ्या. ऑक्टोबर संपायच्या आत. नाहीतर मी दाखला देऊ शकत नाही." दाखला नाही म्हणजे परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणजे बोट कालव्यावर ठेवता येत नाही. 'लॅपविंग' तिची बोट होती आणि घरही तेच होतं. बोट गेली तर कॉव्हेंट्रीला बहिणीकडे, इस्त्रीचं टेबल ठेवायच्या खोलीत जाऊन पडायचं. त्यापेक्षा कालव्यात उडी मारलेली बरी, असं ती मॅजला म्हणाली होती. मग रूबेन आठवला आणि मॅजनं घाईनं विषय बदलला होता.

रूबेन कालव्यातच गेला. वाऱ्यापावसाची संध्याकाळ होती, बोट खुंटांना धडका देत होती. तो दोर बघायला बाहेर निघाला आणि जाताना म्हणाला, "खिडकीजवळचा दिवा चालू ठेव. आलोच." रूबेनचं 'आलोच' म्हणजे तासभर, कधी दोन तास. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो चर्चमध्ये उशिरा पोचला होता आणि वर हसत होता. म्हणून हेस्टर बराच वेळ निवांत बसून राहिली. सकाळी तो खालच्या लॉकच्या, म्हणजे कालव्याचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, दरवाजाशी सापडला. तिनं तो वेळ निवांत बसून काढला, हे ती कुणालाही सांगत नसे.

वायरिंगचा घोळही त्याचाच. कुठल्याशा लिलावातून त्यानं तारेचं एक भलंमोठं रीळ आणलं होतं, लाल तारेचं. पंपाला लाल, दिव्यांना लाल, फ्रिजला लाल. कुठली कुठे जाते हे फक्त त्याच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं आता चर्चमागच्या मातीत.

पहिला वायरमन गावातला होता, घरांची कामं करणारा. तो म्हणाला, हे आपलं काम नाही. तिसरा फोनवर म्हणाला, "मंगळवारी येतो." कुठल्या मंगळवारी ते बोलला नाही. दुसरा मात्र आला होता, आणि त्याची गोष्ट वेगळी. त्यानं खिडकीजवळच्या दिव्याचं बटण काढून हातात घेतलं होतं. हेस्टर चहा करत होती. तेवढ्यात दिवा लागला. बटण त्याच्या हातात, आणि दिवा चालू. त्यानं हेस्टरकडे पाहिलं, हेस्टरनं सावकाश कपाटातून दुसरा मग काढला आणि दिव्याखाली ठेवला. तो माणूस आपला टॉर्च विसरून गेला आणि तो न्यायलाही परत आला नाही.

कारण तो दिवा असाच लागायचा. रूबेन गेल्यानंतरच्या महिन्यात पहिल्यांदा लागला. गार संध्याकाळी, शेगडी पेटवून ती चहा टाकायची तेव्हा. रोज नाही, वेळही ठरलेली नाही. कधी चारला, कधी सातला, कधी आठवडाभर नाहीच. लागला की हेस्टर त्याचा मग भरायची आणि समोर बसून दिवसभराचं सगळं सांगायची. बोलताना तिच्या अंगावर काटा यायचा, पण तो काटाही तिला हवाहवासा झाला होता. बटण तिनं दोन हिवाळ्यांत एकदाही दाबलं नव्हतं.

"तुला वायरमन मिळत नाही, कारण तुला तो मिळायला नकोय," मॅज चहाचा घोट घेत म्हणाली. "पण ऑक्टोबर काही तुझ्यासाठी थांबायचा नाही, बयो. कोळशाच्या बोटवाल्यानं एकाचं नाव दिलंय. गेथिन. वेल्सचा आहे, स्वतः बोटीवरच राहतो, बोटींचीच कामं करतो. मी त्याला यायला सांगितलंय."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

गेथिन आला तेव्हा त्यानं टपावर दोनदाच वाजवलं, आणि हेस्टरच्या हातून बटाटा खाली पडला. चाळिशीचा, दाढीवाला, आवाज खालचा. कपाट उघडून तो बराच वेळ त्या लाल जंजाळाकडे बघत राहिला.

"मिसेस पेल, हे त्यांनी एकट्यानं केलं?"

"एकट्यानं. आणि वीस वर्षं चाललं."

"चाललं, हे मात्र कबूल केलं पाहिजे," तो म्हणाला, आणि हेस्टरला तो बरा वाटला.

"सगळं काढ," ती म्हणाली. "पण त्या दिव्याला हात लावायचा नाही."

त्यानं कारण विचारलं. तिनं सांगितलं, मान खाली घालून, एकदाचं सगळं. तो हसला नाही. नुसतं 'बरं' म्हणाला आणि कामाला लागला.

दुपार कलली, गारठा वाढला, तिनं शेगडी पेटवली. किटली चढवली. थोड्या वेळानं दिवा लागला. गेथिन गुडघ्यावर बसला होता तो तसाच वळला. त्यानं शेगडीमागची लाकडी फळी सोडवली, आत हात घातला, आणि दिवा विझला. हात काढला, दिवा लागला.

"काय केलंस?" हेस्टरचा आवाज चिरका निघाला.

"शेगडी तापली की फळी वाकते, आणि मागची तार बोटीच्या पोलादाला जाऊन चिकटते. तार तिथे सोललेली आहे. बटणाची गरजच उरत नाही. तुम्ही चहा करता, म्हणून दिवा लागतो."

 दोन हिवाळे आपणच आपल्याला हाक मारत होतो, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ते तिनं लगेच झटकून टाकलं.

गेथिन मात्र अजून तारेच्याच मागे होता. त्याचा चेहरा आता वेगळा दिसत होता. "परतीची तार कुठेच नाही, मिसेस पेल. त्यांनी बोटीचं पोलादच तारेसारखं वापरलंय. गाडीत चालतं तसं, पण पाण्यात नाही चालत. बॅटरीची दुसरी तार पोलादाला कुठे जोडलीय ते बघायला हवं." मग त्यानं तारेचा माग तिच्या पलंगापर्यंत काढला. "तुमची गादी उचलावी लागेल."

गादी उचलली. फळ्या काढल्या. बोट स्थिर राहावी म्हणून खाली विटा रचलेल्या असतात, त्या एकेक बाजूला केल्या. तळाच्या पत्र्यावर एक बोल्ट होता, त्याला लाल तार. भोवतीचा पत्रा देवीचे व्रण असावेत तसा खडबडीत झाला होता. गेथिननं स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला. तो आत गेला. काढला तेव्हा त्या जागी पाणी येऊन उभं राहिलं, काळं, शांत, आणि पसरायला लागलं.

"चिंधी द्या. आणि काही तेलकट, चरबी, लोणी, काहीही."

तिनं लोण्याचा डबा दिला. त्यानं चिंधी माखून भोकात कोंबली, वर फळीचा तुकडा, फळीवर विटा. मग घाम पुसत बसला.

"हे कशानं झालं?" तिनं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"दिवा लागला की वीज पोलादातून परत जाते. वाटेत थोडी पाण्यात उतरते, आणि उतरताना पोलाद खाते. दिवे सगळेच असे आहेत, पण बाकीचे तुम्ही विझवत होतात."

"मी इथेच झोपते," हेस्टर म्हणाली. "माझी पाठ बरोबर याच्यावर येते."

तो विटा पुन्हा दाबून बघू लागला.

"त्याला मला न्यायचं होतं का रे?"

"अहो, तारेला काय कळतंय," गेथिन म्हणाला, पण तेही दिव्याकडे न बघताच. दिवा चालूच होता. दोघांनी मिळून बॅटरी सोडवली तेव्हा तो गेला, आणि हेस्टरनं रूबेनचा मग पहिल्यांदाच न भरता तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी मॅजच्या बोटीनं 'लॅपविंग'ला ओढत बोटींच्या कारखान्यात नेलं. बोट पाण्याबाहेर काढून तळाला नवा पत्रा जोडायचं ठरलं. त्या दिवसांत हेस्टर मॅजकडे राहिली. तिला झोप लागेना. दर संध्याकाळी ती त्याचा मग भरत होती, त्याच्याशी गुजगोष्टी करत होती, आणि तो मात्र खालून तिच्या पाठीखालचा पत्रा कुरतडत होता. रागानं ती दातओठ खाई. मग वाटे, त्यानं 'आलोच' म्हटलं होतं, आला की बिचारा, आपल्या पद्धतीनं. नेलं असतं तरी चाललं असतं, असंही एकदा वाटून गेलं. त्या वाटण्याची तिला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"मी त्याच्यावर चिडू का रडू?" तिनं मॅजला विचारलं.

"आधी खा," मॅज म्हणाली आणि तिच्यासमोर टोस्ट आणि अंडं ठेवलं. "जिवंत होता तेव्हाही त्याच्यामुळे तुझं जेवण गारच व्हायचं."

नवा पत्रा बसला. गेथिननं लाल तारा उपटून पोती भरली आणि नव्या ओढल्या, काळ्या वेगळ्या, लाल वेगळ्या, प्रत्येकीला चिठ्ठी. साहेबानं कपाट उघडलं, या वेळी थोडा वेळ उघडं ठेवलं, आणि दाखला दिला. घर राहिलं.

"दिवा?" हेस्टरनं निघता निघता गेथिनला विचारलं.

"आहे तिथेच आहे. आता त्याला परतीची तार आहे, पत्र्याला काही होणार नाही." तो पिशवीत अवजारं भरत होता, वर बघत नव्हता. "निश्चिंत झोपा, मिसेस पेल."

त्या संध्याकाळी तिनं शेगडी पेटवली. सवयीनं दोन मग काढले, एक परत ठेवला. आता काही लागणार नाही, हे तिला ठाऊक होतं. किटली अजून उकळायची होती, आणि दिवा लागला.

हेस्टर भिंतीला टेकली. फळी नवी, तार नवी, सोललेलं कुठे काही नाही.  "आलास?" ती म्हणाली, आणि रडू लागली. खाली जाड पत्रा होता, पाणी आत येऊ शकत नव्हतं, आणि तरी तो आला होता. म्हणजे न्यायला नाही, नुसताच भेटायला. तिनं परत ठेवलेला मग काढला, भरला, आणि त्याची माफी मागितली. ज्या वेळी ती निवांत बसून राहिली होती, ती गोष्टही तिनं त्याला त्या दिवशी सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्या दिवशी ती खिडकीशी बटाटे सोलत बसली होती. मॅजच्या टपावर उन्हावर चालणारे स्वस्तातले बागेचे दिवे रांगेनं लावलेले होते, अंधारलं की आपोआप लागणारे. हेस्टर बघत होती. मॅजचे दिवे लागले. त्याच क्षणी तिच्या डोक्यावरचा दिवाही लागला.

ती तशीच बसून राहिली. काल कधी लागला होता? अंधारताना. परवा? अंधारताना. गेथिननं या दिव्यालाही अंधारलं की आपोआप लागणारी तसलीच कळ बसवली होती; निघताना तो वर का बघत नव्हता, ते आता कळलं. दयाळू माणूस. तिला त्याचा राग आला नाही. पण रूबेन पेल उभ्या आयुष्यात कधी वेळेवर आला नव्हता.

तिनं उठून बटणावर बोट ठेवलं. दोन हिवाळ्यांनंतर पहिल्यांदा दाबलं. दिवा निमूटपणे विझला. रूबेननं तिचं असं कधीच ऐकलं नसतं.

बोट कोरडी होती, तळ पक्का होता, आणि हेस्टर अंधारात कान देऊन बसली. कुठेतरी लॉकच्या दरवाजातून पाणी झिरपत होतं. काठावरून कुणीतरी कुत्र्याला हाका मारत गेलं. टपावर कुणी वाजवलं नाही. किटली उकळून उकळून आटत आली, तेव्हा ती उठली आणि तिनं एकच मग भरला.