आईनं नाकारलेलं बोकड

कळमनुरीच्या बाजारात तंबूचा सिनेमा लागला, तेव्हा उत्तमराव पाटील नात प्रेमाला घेऊन अगदी पुढच्या सतरंजीवर बसले. पडद्यावर एका पोरीचा हत्ती होता. पोरगी बोलायची, हत्ती सोंड हलवून हुंकार भरायचा. पोरगी पुरात वाहिली, हत्तीनं ओढून काढली. शेवटी जहागीरदारानं त्याच हत्तीवर बंदूक रोखली आणि पाटलांना राहवलं नाही.

"अरे मुडद्या, लेकराचा जीव हाय त्याच्यात! तुला काळीज हाय का धोंडा?" ते उभं राहून ओरडले.

मागच्यांनी त्यांना खाली बसवलं. तेही रडतच होते. गावाकडं निघालेल्या बैलगाडीत निम्मा रस्ता पाटलांचे हुंदके थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. हिवतापातून उठवल्याबद्दल पाटलांना मरीआईला बोकड द्यायचं होतं, आणि ते बोकड प्रेमाचं होतं. आई मेलेलं पिल्लू तिनं बोंडल्यानं दूध पाजून जगवलं होतं. पण तापात नवस बोलताना पाटलांना अंगणात तेवढंच दिसलं, आणि मरीआईला बोललेलं जनावर बदलता येत नाही.

"आबा, रातच्या त्या माणसाला तुमी शिव्या काहून दिल्या?" बोकडाच्या गळ्याला मिठी मारून प्रेमानं विचारलं.

"तो हत्ती होता बाई."

"मंग?"

"मंग काय? हत्तीचं मटण कोण खाते?" पाटील समजुतीनं म्हणाले, आणि त्यांनी दावं सोडलं.

देवळापुढं अख्खं गाव जमलं होतं. साखरा गावाहून आलेले पाव्हणे मसाल्याच्या वासावर जीव धरून बसले होते. रीत अशी, की बोकडावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग शहारून झाडलं की आईनं घेतलं. तोवर सुरी उचलायची नाही.

पुजारी किसनरावानं पाणी शिंपडलं. बोकडानं डोळे मिटून मान वर केली. किसनरावानं तांब्या रिकामा केला. बोकड ढिम्म. मग बादलीच ओतली, तेव्हा बोकड शांतपणे वळलं आणि त्यानं दुसरी बाजू पुढं केली. प्रेमा त्याला रोज विहिरीवर चोळून आंघोळ घालायची. पाण्याला भ्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पाटील, आई घेऊन न्हाई राहिली. तुमचं काई चुकलं का?" किसनराव म्हणाला.

"धुऱ्याचा दगड सरकून राहिला न दरसाल, त्याचं असंल," तातेराव गर्दीतून बोलला. त्याचं शेत पाटलांच्या शेताला लागून, बांधाला बांध होतं.

"देवळाच्या इनामी जमिनीचं बी इचारा!" आणखी कुणीतरी म्हणालं. गर्दीला मटणाचा विसर पडत चालला.

पाटलांना हिवतापात आला नसेल एवढा घाम आला. त्यांनी बोकडाकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं आणि बोकडापुढं सपशेल लोटांगण घातलं.

"लोकहो, वळखा! हे साधं जनावर न्हाई! आई म्हणते, हे माझं लेकरू हाय!"

मग किसनरावानं बोकडाच्या कपाळाला कुंकू लावलं. बायांनी तान्ही पोरं त्याच्या पायावर घातली. तातेरावसुद्धा पाया पडला. बोकड देवाला सोडलं. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, हाकलायचं नाही.

पण पाव्हणे उपाशी कसे पाठवायचे? पाटलांच्या वावरात राबणाऱ्या बेबीबाईचं बोकड आणलं. पाटलांनी मागितलं म्हणजे तिनं दिलंच. ते पाणी पडायच्या आधीच थरथरलं. तिचं लेकरू फार रडलं, पण त्याच्यावर अजून सिनेमा निघाला नव्हता. पाटील दोनदा रस्सा मागून जेवले.

पुढं तुरीला शेंगा भरल्या आणि देवाचं बोकड पाटलांच्या वावरात शिरलं. पाटील धुऱ्यावर हात जोडून उभे राहिले. "चाल बाप्पा, चाल. तातेरावाची तूर बी चांगली हाय."

बोकड खातच राहिलं.

"हाकलू का, आबा?" प्रेमानं विचारलं.

"न्हाई न्हाई, पाप लागंल!"

"बरं," प्रेमा म्हणाली, आणि वावरात शिरून उंचावरच्या शेंगा त्याला तोडून देऊ लागली.