बोनेटखालचा आत्मा

बाजाराच्या फाटकात ट्रक बंद पडला होता आणि त्याभोवती माणसं अशी दाटली होती, जणू आत नवरी बसलीय. बोनेट उघडं, इंजिनावर ओली चादर, आणि चादरीवर हात ठेवून मौनीबाबा बोलत होते. नाव मौनी, तोंड मात्र उघड्या नळासारखं.

"लोखंडालाही काळीज असतं, बाळांनो. या काळजात धन्याचा आत्मा अडकलाय. डोळे मिटा. अर्धा तास किल्लीला कुणी शिवायचं नाही. आत्म्याला घाई चालत नाही."

अर्ध्या तासाने बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. लोकांनी हात जोडले. माझ्या आईनेही.

ट्रक माझ्या थोरल्या भावाचा. तो आजारपणात गेला, तेव्हापासून वहिनी चालवते. पिठाची पोती बेकऱ्यांना पोचवते. मी मेकॅनिक. गावभरची इंजिनं दुरुस्त करतो आणि दोन महिने घरचंच हाताला लागेना. जुनं पेट्रोल इंजिन. चढ चढून तापलं, की फुंकर घातलेल्या दिव्यासारखं गप्प. कॉइल बदलली, प्लग बदलले, वायरी बदलल्या. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं, आतला रोटर बदलला. त्याच्या कुशीला असते ती काडेपेटीएवढी डबी, मॉड्यूल. ठिणगी कधी पडायची ते ती ठरवते. ती तर मी हा त्रास सुरू व्हायच्या जरा आधीच नवी बसवलेली, म्हणून तिच्यावर संशयच नव्हता. ट्रक ओढून गॅरेजात आणावा, तपासावा, तर सगळं ठणठणीत. पाना भिंतीवर फेकून मारावासा वाटे. एकदा मारलाही.

माझ्या हरण्यातूनच बाबांना वाट सापडली. गाडी बंद पडली, की ते वहिनीकडे बोट दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी निकालच दिला, "बायकोने स्टिअरिंग धरलेलं धन्याला खपत नाही. उद्या सकाळी इथेच किल्ली आश्रमाच्या स्वाधीन करा. बाई पुन्हा गाडीत चढली, तर गाडी दरीत जाईल."

आईने ट्रकची किल्ली काढून मुठीत आवळली.

घरी वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"भाऊजी, तुमचाही विश्वास बसला का?"

"माझा माझ्या हातांवरचाच उडालाय, वहिनी."

"मग एक सांगते, हसू नका. सोमवारी चढावर बंद पडली तेव्हा ना बाबा होते, ना माणूस. मी बोनेट उघडलं आणि कडेला बसून पोटभर रडले. रडून झालं, किल्ली फिरवली, चालू झाली. वाटलं, ह्यांनी माफ केलं."

"किती वेळ रडलात?"

"असं कुणी विचारतं का? असेल अर्धा तास."

अर्धा तास. बोनेट उघडं. ट्रक गॅरेजात ओढून आणायलाही तेवढाच वेळ लागायचा. म्हणजे दर खेपेला मी निवलेलं इंजिन तपासत होतो, आणि निवलेल्या इंजिनाला काही झालेलंच नसायचं.

सकाळी बाबा किल्लीसाठी बाजाराच्या फाटकात आले, मागे गर्दी. ट्रक तिथेच उभा होता, आईसोबत वहिनीही आली होती. मी आईकडून किल्ली मागून घेतली आणि इंजिन चालू केलं. न्हाव्याकडून केस वाळवायचा ड्रायर आणला होता, त्याची गरम हवा फक्त त्या डबीवर धरली. थोड्याच वेळात इंजिन गप्प.

"आत्मा कोपला," बाबा म्हणाले.

"शांत करतो." ओला फडका पिळून मी डबीवर ठेवला. "आता डोळे उघडे ठेवा, हवं तर गप्पा मारा." डबी गार पडल्यावर म्हटलं, "आई, किल्ली तू फिरव."

इंजिन धडधडलं. पुन्हा ड्रायर, पुन्हा गप्प.

"बाबा, आता फडक्याविना, लगेच चालू करून दाखवा."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," ते पुटपुटले.

मागून भाजीवाली म्हणाली, "आत्म्याला उकडतंय वाटतं."

लोक हसले. बाबा त्या दिवशी पहिल्यांदाच नावाला जागले.

मी डबी सोडवली. तिच्या पाठीला पांढरी पेस्ट हवी. डबीची उष्णता ती खालच्या धातूत उतरवते. पाठ कोरडी होती. नवी डबी बसवताना जुनी पेस्ट मळ समजून मीच पुसली होती. सोबत आलेली पेस्टची पुडी कचऱ्यात टाकली होती. स्वच्छतेचा मला भारी सोस. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

"म्हणजे तुझ्या चुकीचं खापर दोन महिने हिच्या डोक्यावर?" आई म्हणाली.

"हो."

"आणि मीही फोडलं." तिने किल्ली काढून वहिनीच्या हातात दिली.

"आणि मी उगाच रडले," वहिनी म्हणाली.

"उगाच कसं? ते रडणं नसतं, तर मला अजून काही सुचलं नसतं."

तापून तापून ती डबी कामातून गेली होती, म्हणून दुसरी नवी आणून या वेळी पेस्ट लावून बसवली. ट्रक चढाला लागला. वळणामागे आवाज बारीक होत गेला, पण तुटला नाही.

गेलेलं माणूस आपल्या आठवणीत राहतं, इंजिनात राहत नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: मधल्या अर्ध्या तासात काय काय झालं, आणि हे बुवा नसते तर ते झालंच नसतं का?